सोसायटीच्या बागेसाठी ठेकेदार निवडताना: पुण्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेकडच्या उपनगरातली ८४ सदनिकांची सोसायटी. बिल्डरने ताबा दिला तेव्हा मधल्या मोकळ्या जागेत हिरवंगार लॉन होतं आणि कडेने फुलझाडं. पुढच्या चार वर्षांत लॉन दोनदा बदलून झालं, आधी बिल्डरच्याच माणसाकडून आणि मग एका सभासदाच्या ओळखीतल्या नर्सरीवाल्याकडून. दोन्ही वेळा तीन-चार महिने छान दिसलं. मग पिवळे चट्टे पडले, माती उघडी पडली आणि पावसाळ्यात डबकी साचली. दोन्ही वेळा पैसे काम संपल्या दिवशीच पूर्ण चुकते झाले होते, त्यामुळे नंतर फोन उचलायला कोणी बांधील नव्हतं.

२०२३च्या जानेवारीत कमिटीने ठरवलं की आता "चांगला माणूस" बघून काम एकदाच नीट करून घ्यायचं. लॉन ३,००० चौरस फूट, झुडपांचे वाफे १,२०० चौरस फूट, बाकी पेव्हरचा रस्ता आणि मुलांची खेळायची जागा. एका कोपऱ्यात मोठा पर्जन्यवृक्ष, दुसरीकडे कडुनिंब. पाण्याचे दोन स्रोत होते: जड पाण्याची बोअर आणि सोसायटीच्या एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचं) प्रक्रिया केलेलं पाणी.

नावं आणि ओळखीच्या खुणा काढून हे प्रकरण इथे मांडलं आहे. आकडे त्या वेळचे, त्या कामाचे आहेत. ते दरपत्रक म्हणून वापरू नयेत.

आधी खड्डे, मग कोटेशन

नेहमीची पद्धत अशी की तीन जणांना बोलवायचं, बाग दाखवायची, "साहेब, बघून सांगा" म्हणायचं आणि तीन आकडे घ्यायचे. कमिटी तेच करणार होती. पण एका सभासदाने आग्रह धरला की लॉन दोनदा का मेलं हे कळल्याशिवाय तिसऱ्यांदा कोणाला विचारायचं नाही. हा या प्रकरणातला पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा निर्णय ठरला.

माळीकाकांना घेऊन पाच ठिकाणी दीड-दोन फुटांचे खड्डे खणले. वरची चार इंच माती, तीही दगडासारखी बसलेली, आणि खाली राडारोडा: विटांचे तुकडे, प्लास्टरची ढेकळं, टाइल्स, सिमेंटच्या पिशव्या. बिल्डरने बांधकामाचा कचरा तिथेच पसरून वर मातीचा थर दिला होता. नंतरच्या दोघांनी त्या चार इंचांवर नवं लॉन अंथरलं होतं. एका खड्ड्यात बादलीने पाणी भरलं, ते मुरल्यावर पुन्हा भरलं. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी ३० तासांनंतरही तळाशी होतं. मातीचा नमुना मृद चाचणी प्रयोगशाळेत दिला, सामू (पीएच, मातीच्या आम्ल-विम्लतेचं माप) ८.४ निघाला, म्हणजे माती विम्लधर्मी. चुना-सिमेंटचा कचरा आणि जड पाणी दोन्ही असताना दुसरं काय निघणार!

सामू इतका चढला की मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आधीच्या माळ्याने हे "पाणी कमी पडतंय" म्हणून ओळखलं आणि पाणी वाढवलं. खाली निचरा नाही, त्यात जादा पाणी, म्हणजे मुळं गुदमरणार. दोन वर्षं रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे चाललं होतं. खड्डे आणि माती तपासणीचा खर्च दोन हजारांच्या आत होता.

माणसं कुठून शोधली

सात नावं जमली. त्यातली तीन आजूबाजूच्या सोसायट्यांत पायी फिरून मिळाली. बाग चांगली दिसली की गेटवर वॉचमनला न विचारता थेट तिथल्या माळ्याला विचारायचं. ठेकेदार महिन्यातून किती वेळा येतो, पगार वेळेवर होतो का, मेलेलं झाड कोण बदलतो, हे माळी दोन मिनिटांत सांगतो. दोन नावं एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनातून आली, दोन सभासदांच्या ओळखीतून.

नावं पारखायला सगळ्यात उपयोगी पडले ते उरुळी कांचनकडचे घाऊक नर्सरीवाले. पुण्यातल्या बहुतेक ठेकेदारांची झाडं सोलापूर रस्त्यावरच्या त्या पट्ट्यातून येतात आणि बराचसा माल उधारीवर जातो. कोण पैसे वेळेवर देतो हे त्यांना पक्कं माहीत असतं. जो थकवतो त्याला उरलासुरला माल मिळतो, पिशवीत मुळांचा गुंता झालेला, वर्षभर पडून राहिलेला. त्यामुळे "अमुक ठेकेदार तुमच्याकडून माल नेतो का, आणि कसा नेतो?" हा प्रश्न ठेकेदाराच्या स्वतःच्या यादीतल्या पाच संदर्भांपेक्षा जास्त सांगून जातो. सातपैकी दोन नावं इथेच गळली.

उरलेल्यांपैकी तिघांनी प्रत्यक्ष येऊन माप घेतलं. एकाने फोनवरच "चौरस फुटाला अमुक" दर सांगितला, त्याला पुन्हा विचारलं नाही. एकाकडे तारीख नव्हती.

पहिली तीन कोटेशनं

तिघांपैकी एका नर्सरीवाल्याने ३.९० लाख सांगितले. कागदावर चार ओळी: माती भरणे, लॉन लावणे, झाडे लावणे, मजुरी. वर तोंडी एक सवलत: "पक्कं बिल नको असेल तर जीएसटीचे अठरा टक्के वाचतील." स्वतःचा डिझायनर असलेल्या फर्मने ९.४० लाख सांगितले आणि संगणकावर काढलेली देखणी चित्रं दिली. तिसरा परिसरातल्या पाच सोसायट्यांच्या बागांची देखभाल करणारा ठेकेदार. त्याचे ६.७५ लाख, कामांची यादी नीट, पण कुठेही खोली नाही, निचऱ्याचा उल्लेख नाही.

या तीन आकड्यांची तुलना करायला बसलेली मीटिंग दोन तास चालली आणि निष्फळ ठरली. अर्थात ठरणारच होती, कारण तिघांनी तीन वेगवेगळ्या कामांचे भाव दिले होते. निम्म्या लोकांना ३.९० लाखवाला प्रामाणिक वाटत होता, बाकीच्यांना ९.४० लाखवाला चांगला.

मोजमापाचा कागद

दुसरा महत्त्वाचा निर्णय असा की सोसायटीने काम स्वतः लिहून काढलं आणि त्याच कागदावर तिघांकडून पुन्हा दर मागवले. त्यासाठी एका लँडस्केप आर्किटेक्टला (बागेचा आराखडा करणाऱ्या तज्ज्ञाला) हा कागद आणि कामाच्या वेळच्या फक्त दोन भेटी एवढ्यापुरती फी दिली, १८,००० रुपये. पूर्ण डिझाइन आणि देखरेखीचा पर्यायही चर्चेत होता, पण एवढ्या कामाला तो खर्च जड वाटला. कागदात काय होतं ते थोडं सविस्तर पाहू, कारण सगळी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते.

मातीची खोली बसल्यानंतरची लिहिली: लॉनखाली ९ इंच, वाफ्यांत १८ इंच. हिशेब सोपा आहे. ३,००० चौरस फूट गुणिले पाऊण फूट म्हणजे २,२५० घनफूट, साडेबावीस ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). १,२०० गुणिले दीड म्हणजे १,८०० घनफूट, अठरा ब्रास. एकूण चाळीस ब्रासच्या वर. भुसभुशीत माती पाणी देऊन बसवली की पाचवा हिस्सा तरी खाली जाते, म्हणून गाडीतून साधारण ५० ब्रास यायला हवी. तेवढाच राडारोडा आधी बाहेर जायला हवा, आणि तो पालिकेच्या बांधकाम राडारोडा केंद्रावर टाकल्याची पावती हवी. नाहीतर तो एखाद्या ओढ्यात किंवा टेकडीच्या पायथ्याशी जातो.

निचऱ्यासाठी लॉनच्या उतरत्या बाजूने ९० फूट चर, एक फूट रुंद, दीड फूट खोल. तळाला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड), त्यात २० मिलिमीटर खडी, मध्ये चार इंची भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, शंभराला एक उतार, शेवट पावसाळी पाण्याच्या चेंबरमध्ये. जिओटेक्स्टाइल खडीवरून पूर्ण गुंडाळायचं हे मुद्दाम लिहिलं. फक्त खाली अंथरलं तर वरून माती शिरून दोन पावसाळ्यांत पाइप बुजतो.

झाडांच्या बाबतीत जात, पिशवीचं माप, उंची आणि दोन झाडांतलं अंतर. कोटेशनमध्ये नुसतं "तगर, १०० नग" असेल तर ते ८ बाय १० इंची पिशवीतलं वीतभर रोप असू शकतं किंवा १४ बाय १४ पिशवीतलं तीन फुटी झाड, आणि भावात कित्येक पटींचा फरक. अंतर लिहिण्याचं कारण वेगळं आहे. नगावर बिल होतं, म्हणून ठेकेदाराला दाट लावण्याचा मोह होतो. पहिल्या दिवशी वाफा भरगच्च दिसतो, सभासद खूश होतात, आणि वर्षात झाडं एकमेकांना मारू लागतात. नर्सरीवाल्याने १,२०० चौरस फुटांसाठी १,१०० झाडं धरली होती. दीड फूट अंतराने हिशेब केला तर ५२० पुरतात.

सामू बघून एक्झोरा (फुलांचं एक झुडूप) जवळपास काढून टाकली. तिला आम्लधर्मी माती लागते आणि जड पाण्यावर ती हमखास पिवळी पडते. तिच्या जागी तगर, कामिनी, जास्वंद आले. खेळायच्या जागेजवळ कण्हेर नको हेही लिहिलं, कारण ती विषारी आहे.

या कागदावर नवे भाव आले: नर्सरीवाला ६.२५ लाख, फर्म ८.३०, तिसरा ठेकेदार ६.६०, सगळे जीएसटी सोडून. नर्सरीवाल्याचा आकडा ३.९० वरून उडी मारून गेल्यावर काहींना तो फसवत होता असं वाटलं. तसं नव्हतं. त्याने चार इंच माती, म्हणजे लॉनसाठी दहा ब्रास, धरली होती. मागच्या वेळी जे झालं होतं तेच तो पुन्हा करणार होता, आणि तेवढ्यासाठी त्याचा भाव वाजवी होता.

निवड

आता फरक ३५ हजारांचा उरला होता, त्यामुळे भाव हा मुद्दा मागे पडला. मार्चअखेर तिघांच्या जुन्या साइट पाहिल्या. अट एकच: काम होऊन किमान एक उन्हाळा गेलेला असावा. नुकती संपलेली साइट कोणाचीही सुंदरच असते.

नर्सरीवाल्याच्या दोन साइटवर लॉन विरळ होतं आणि वाफ्यांत लव्हाळा माजला होता. फर्मची साइट उत्तम होती, पण तिथे तिचाच पूर्णवेळ माळी होता आणि महिन्याचा देखभालखर्च सोसायटीच्या आवाक्याबाहेरचा. तिसऱ्याच्या बागा दिसायला साध्या होत्या, झाडांची निवड कंटाळवाणी म्हणावी इतकी ठरावीक, पण दोन वर्षांची लॉनं शाबूत होती. यादीबाहेरची एक साइट स्वतः शोधून पाहिली, तिथेही तेच.

म्हणून तिसऱ्या ठेकेदाराला निवडलं. त्याची उणीव माहीत होती. सिंचनाचं काम तो स्वतः करत नव्हता, एका प्लंबरकडून करून घ्यायचा. कमिटीने ही गोष्ट नोंदवली आणि पुढे गेली. आर्किटेक्टच्या दोन भेटी निचऱ्याची पातळी आणि माती स्वीकारणं यांसाठी राखल्या होत्या. सिंचनासाठी तिसरी भेट घ्यावी का, यावर खजिनदारांनी सहा-सात हजार वाचवले. त्याची किंमत पुढे येते.

विशेष सर्वसाधारण सभा एप्रिलमध्ये व्हायची होती. गणसंख्येअभावी एकदा तहकूब, मग सुट्ट्या, असं करत मंजुरीला मेअखेर उजाडली.

करार आणि पैसे

पक्कं बिल, चेकने पैसे, आणि त्या वेळच्या आयकर कायद्याच्या कलम १९४सी प्रमाणे करकपात (टीडीएस), म्हणजे बिलातून कर कापून सरकारकडे भरणं. ठेकेदार वैयक्तिक मालकीचा, म्हणून एक टक्का. सहकारी संस्थेला हे लागू आहे, हे अनेक लहान सोसायट्यांना लेखापरीक्षकाने ताशेरा मारल्यावर कळतं. नर्सरीवाल्याची बिनबिलाची सवलत त्यामुळे मुळातच विचारात घेण्यासारखी नव्हती. बिल नाही म्हणजे हमीचा दावा करायला कागद नाही, आणि लेखापरीक्षणात खर्च अडकतो तो वेगळाच.

हप्ते असे ठरले: १० टक्के आगाऊ, २५ टक्के खोदाई आणि निचरा झाल्यावर पण चर बुजवण्याआधी, २५ टक्के माती भरून पाणी देऊन बसल्यावर, २५ टक्के लागवडीवर, ५ टक्के तीन महिन्यांनी, १० टक्के पुढच्या मेअखेर. शेवटच्या हप्त्यावर ठेकेदार अडला. त्याचं म्हणणं रास्त होतं, नर्सरीचे पैसे वेळेवर चुकते करावे लागतात आणि दहा टक्के हाच त्याचा नफा. तोड अशी निघाली की लागवडीचा हप्ता झाडं जागेवर उतरताच द्यायचा, लावून झाल्यावर नव्हे, आणि त्याच्या बदल्यात मे महिन्याचा राखीव हप्ता त्याने मान्य करायचा. शिवाय वर्षभराची देखभाल त्याच्याकडेच, महिना २४,००० रुपये, एक पूर्णवेळ माळी धरून. लावणारा आणि सांभाळणारा एकच असला की "माळ्याने मारलं" आणि "लावतानाच मेलेलं होतं" हा वाद उरत नाही.

जादा कामाचे दर आधीच लिहून घेतले: खोदाई आणि माती, दोन्ही प्रतिब्रास. मजुरांच्या विम्याची प्रत करारासोबत जोडली.

काम कसं झालं

खोदाई ५ जूनला सुरू झाली. तिसऱ्याच दिवशी मुकादमाने पर्जन्यवृक्षाच्या दोन जाड फांद्यांकडे बोट दाखवलं. "साहेब, सावलीत लॉन येणार नाही. रविवारी उतरवून टाकतो, कोणाला कळणार पण नाही." सेक्रेटरींनी थांबवलं. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हे करता येत नाही आणि तक्रार झाली तर नोटीस सोसायटीला येऊ शकते. झाडाच्या घेराखाली यंत्र न लावता हाताने, कमी खोलीवर खोदायचं असं तिथेच लिहून दिलं. जेसीबीने मुळं तोडली तर झाड त्या वर्षी काही दाखवत नाही, पुढच्या एखाद्या वादळात आडवं होतं.

फांद्या वाचल्या, पण मुकादमाचं म्हणणं खरं होतं हे कोणी पुढे विचारात घेतलं नाही. सावलीतल्या ५०० चौरस फुटांवरही कागदात लॉनच राहिलं.

एका कोपऱ्यात राडारोडा अपेक्षेपेक्षा खोल निघाला, सहा ब्रास जादा. दर लिहिलेला असल्याने वाद झाला नाही. निचऱ्याच्या चरात वरच्या टोकाला पाइपने पाणी सोडून चेंबरमध्ये येतं का ते पाहिलं, फोटो काढले, मगच दुसरा हप्ता दिला.

मग माती. करार बसलेल्या खोलीवर होता, तरी सोसायटीच्या एका निवृत्त ओव्हरसियरनी पहिल्या गाडीचा हौदा टेपने मोजला: आतून १० फूट लांब, साडेसहा रुंद, चार खोल. २६० घनफूट म्हणजे २.६ ब्रास. पावतीवर ३ ब्रास. ठेकेदाराने सतरा खेपांचा अंदाज धरला होता, म्हणजे ५१ ब्रास कागदावर आणि ४४ जमिनीवर. गाडीवर पैसे ठरले असते तर सात ब्रास हवेत गेली असती. इथे खोलीच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या, त्यामुळे कमी पडलेल्या तीन खेपा ठेकेदाराने स्वखर्चाने आणल्या. आपल्यालाही मातीवाल्याने गंडवलंच होतं, असं तो म्हणाला, आणि ते खरं असावं.

मातीची दुसरी तपासणी थोडी मजेशीर. पहिल्या तीन गाड्यांच्या नमुन्याने दोन ट्रे भरून, पाणी घालून गच्चीवर दहा दिवस ठेवले. एका ट्रेमध्ये लव्हाळ्याचे टोकदार कोंब वर आले. लव्हाळ्याच्या गाठी मातीत खोल असतात, वरचं गवत उपटून काही होत नाही, आणि एकदा लॉनमध्ये शिरला की तो वर्षानुवर्षं जात नाही. पण तोपर्यंत त्या खाणीची माती बागेत पडली होती. एका बाजूची सुमारे चार ब्रास परत काढावी लागली. ट्रे माती ठरवताना ठेवायचे असतात, माती आल्यावर नव्हे.

२०२३ला मान्सून पुण्यात २५ जूनच्या सुमारास पोचला, म्हणजे नेहमीपेक्षा दोन आठवडे उशिरा. एवढी सवलत मिळूनही माती अर्धवट भरलेली असतानाच पाऊस आला. ओल्या मातीवर गाड्या आणि रोलर फिरले की ती पुन्हा वीट होते, म्हणून काम दहा दिवस थांबलं. हा निर्णय आर्किटेक्टच्या दुसऱ्या भेटीत झाला आणि दोन्ही बाजूंना आवडला नाही. सभासदांना १५ ऑगस्टच्या ध्वजवंदनाला हिरवळ हवी होती.

झाडं उतरली तेव्हा प्रत्येक जातीची एक पिशवी फाडून पाहिली. कामिनीच्या ६० पिशव्यांत मुळं गोल गुंडाळलेली निघाली, त्या परत गेल्या. तगर १० बाय १२ ऐवजी ८ बाय १० पिशवीतलं होतं. ठेकेदार म्हणाला, वर्षात सारखंच होईल. दर कमी करून ते ठेवून घेतलं.

लॉनच्या लाद्या (मातीसकट कापलेले गवताचे तुकडे) ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बसल्या. आणि पाऊस थांबला. देशभरात १९०१ नंतरचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो हाच. लॉनचे स्प्रिंकलर प्लंबरने "आता पावसाळाच आहे, ऑक्टोबरला करू" म्हणून पुढे ढकलले होते, आणि ते चालवून दाखवण्याची अट कोणत्याही हप्त्याला जोडलेली नव्हती. लाद्यांना पहिले दोन-तीन आठवडे रोज पाणी लागतं, कारण मूळ अजून खालच्या मातीत उतरलेलं नसतं. माळीकाका हातपाइपने जेवढं पुरवता येईल तेवढं पुरवत राहिले. लांबच्या कोपऱ्यातलं ४०० चौरस फूट लॉन वाळलं.

स्प्रिंकलर बसले तेव्हाही दोघांतलं अंतर जास्त निघालं. एकाचं पाणी दुसऱ्याच्या बुडापर्यंत पोचायला हवं, इथे मध्ये कोरडे पट्टे राहत होते. सारख्या मापाच्या वाट्या लॉनवर मांडून पंधरा मिनिटं पाणी सोडलं, काही वाट्यांत बोटभर तर काहींत तळही ओला नाही. तीन स्प्रिंकलर वाढवावे लागले. वाफ्यांतल्या ठिबकला एसटीपीचं पाणी जोडलं होतं, पण फिल्टर साधा जाळीचा होता. दोन महिन्यांत ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणारी तोंडं) बुजू लागल्यावर डिस्क फिल्टर (चकत्यांचा गाळणा) बसवला आणि प्रत्येक लॅटरलच्या (वाफ्यातल्या बारीक नळीच्या) टोकाला धुण्यासाठी झाकणं दिली.

१९ सप्टेंबरला गणपती. मंडप दरवर्षी लॉनवर पडायचा. या वर्षी तो पार्किंगच्या बाजूला न्यायचा ठराव आधीच झाला होता, तरी रोषणाईवाल्याने लॉनमध्ये बांबूसाठी सात खड्डे घेतलेच. एक खड्डा मुख्य पाइपच्या वीतभर बाजूने गेला.

निष्पत्ती

मे २०२४ला पाहणी झाली. वाळलेला कोपरा ठेकेदाराने अर्ध्या खर्चात पुन्हा लावून दिला होता. उघड्यावरचं लॉन चांगलं भरलं होतं, मोठ्या पावसातही डबकं झालं नव्हतं. ५२० झुडपांपैकी ५८ वर्षभरात मेली. त्यातली ४७ करारानुसार फुकट बदलली, बाकीची क्रिकेटच्या चेंडूने आणि गाड्या मागे घेताना गेली म्हणून सोसायटीच्या खर्चात. पर्जन्यवृक्षाखालचं लॉन अपेक्षेप्रमाणे विरळ झालं. तिथे शेवटी स्पायडर लिली, सिंगोनियम आणि मोंडो ग्रास लावलं, ते टिकलं.

जादा खोदाई, तीन स्प्रिंकलर आणि फिल्टर धरून एकूण खर्च ७.०२ लाख झाला, जीएसटी वेगळा. राखीव दहा टक्क्यांतून काही कापलं नाही. पण तो हप्ता हाती होता म्हणूनच फेब्रुवारी ते मे या काळात ठेकेदार फोन केल्यावर आला, यावर कमिटीत एकमत आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी गफलत वेळापत्रकाची. खड्डे जानेवारीत खणायचे, मोजमापाचा कागद फेब्रुवारीत, सभा मार्चमध्ये, खोदाई आणि माती एप्रिल-मेमध्ये, लागवड पहिल्या दोन पावसांनंतर, असा क्रम हवा. सभा तहकूब होणार हे धरूनच तारीख मागे घ्यावी.

सिंचनाला वेगळा हप्ता हवा होता, लाद्या अंथरण्याआधी चालवून दाखवण्याच्या अटीसह. उपठेकेदार कोण हे करारात नावानिशी असावं. आर्किटेक्टच्या दोन भेटींतली एक निचऱ्याऐवजी सिंचनाला दिली असती तरी चाललं असतं, कारण निचऱ्याची पाण्याची चाचणी सोसायटी स्वतः करू शकत होती. प्रत्यक्ष कुठून पाइप गेले त्याचा नकाशा कोणी घेतला नाही. आज एखादा ड्रिपर बंद पडला की माळी अंदाजाने खणतो. चर उघडे असताना मोबाइलने काढलेले फोटो आणि भिंतीपासूनची दोन मापं एवढं पुरलं असतं.

पहिल्या निवडीबद्दल मात्र एक मतभेद अजून आहे. काही सभासदांच्या मते फर्मलाच काम द्यायला हवं होतं, सावलीतलं लॉन आणि स्प्रिंकलरचं अंतर या दोन्ही चुका डिझायनरने कागदावरच पकडल्या असत्या. तसं झालंही असतं. पण १.७० लाखांचा फरक आणि वाढीव देखभालखर्च बघता, मोजमापाचा कागद पक्का करून आर्किटेक्टच्या आणखी दोन भेटी घेणं जास्त व्यवहार्य होतं. पुढच्या वर्षीच्या देखभाल करारात आता तीन ओळी वाढल्या आहेत: डिस्क फिल्टर दर आठवड्याला धुणे, लॅटरलची टोकं महिन्यातून एकदा सोडून पाणी वाहू देणे, आणि एप्रिल-मेमध्ये ठेकेदाराच्या पर्यवेक्षकाची दर आठवड्याला भेट, माळ्याच्या वहीत सहीसकट.